सागरतळावरील रिकामी जागा

केलेले कर्म वाया जात नाही, ही आपल्याकडील लहानथोरांच्या मनात खोल रुजलेली समजूत आहे. कीर्तनकार ती सांगतो, घरातील वडीलधारी माणसे ती सांगतात, आणि दर्शनकारांनी तर तिला न्यायाचेच रूप दिले आहे. केलेल्या कर्माचा फळ न देताच नाश होतो असे मानणे हा ‘कृतप्रणाश’ आणि न केलेल्या कर्माचे फळ एखाद्याच्या पदरी येऊन पडते असे मानणे हा ‘अकृताभ्यागम’. हे दोन दोष ज्या मतात शिरतात ते मत टाकावे, असे आपले शास्त्र सांगत आले. ग्रंथात हा विचार अत्यंत सुबक दिसतो. परंतु विचाराची खरी कसोटी तो जगात घडलेल्या गोष्टींशेजारी नेऊन ठेवला म्हणजे लागते. दुसऱ्या महायुद्धात जावाच्या समुद्रात अशा काही गोष्टी घडल्या, आणि त्यांचा शेवटचा अध्याय तर अगदी अलीकडे, २०१६ साली उघडकीस आला. एका लहानशा युद्धनौकेच्या निमित्ताने त्यांचा येथे विचार करावयाचा आहे.

या नौकेचे नाव ‘एन्काउंटर’. ब्रिटिश आरमारातील ही विनाशिका टाइन नदीकाठच्या हेबर्न येथील गोदीत बांधली गेली आणि १९३४ साली पाण्यात उतरली. लांबी सुमारे १०० मीटर, वजन सुमारे १४०० टन, चार तोफा आणि टॉर्पेडो म्हणजे पाणतीर सोडण्याच्या आठ नळ्या, एवढा तिचा संभार. ‘विनाशिका’ हा शब्द आपल्या कानाला कठोर लागतो. परंतु या जातीच्या नौकांचा मूळ धर्म राखणदारीचा आहे. पाणतीर सोडणाऱ्या छोट्या नौकांपासून मोठ्या जहाजांचे रक्षण करावे म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या निर्माण झाल्या. पुढे पाणबुड्यांपासून संरक्षण हेही काम त्यांच्याकडे आले. वेग पुष्कळ, पण अंगावरचा पत्रा पातळ. कळपाभोवती धावणाऱ्या कुत्र्याने स्वतःच्या कातडीची काळजी करावयाची नसते, तसाच हा प्रकार.

१९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले आणि जपानचे सैन्य जावा बेटाकडे निघाले. जावा तेव्हा डच साम्राज्याचा भाग होता. त्याच्या रक्षणासाठी डच, ब्रिटिश, अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन जहाजांचा एक काफिला घाईघाईने जमविण्यात आला. या दर्यावर्दी मंडळींनी यापूर्वी एकत्र सराव केलेला नव्हता. एकमेकांचे संकेतही त्यांना नीट उमगत नव्हते. २७ फेब्रुवारीच्या दुपारी जावाच्या समुद्रात लढाई जुंपली आणि मध्यरात्रीपर्यंत तिचा निकाल लागला. डच नौसेनापती कारेल डोरमन यांचे ‘डी रायटर’ आणि त्याचे सोबती ‘जावा’ ही दोन्ही मोठी जहाजे बुडाली. डोरमन त्यांच्यासह गेले. ‘कोर्टनार’ ही डच विनाशिका तर पाणतीर लागून मधोमध दुभंगली आणि तिच्यावरचे सुमारे ४० लोक प्राणास मुकले.

‘कोर्टनार’वरील उरलेली माणसे तराफ्यांवर अंधारात तरंगत राहिली. त्या रात्री ‘एन्काउंटर’ तेथे आली आणि तिने त्यांतील ११३ जणांना वर घेतले. लढाई चालू असलेल्या समुद्रात यंत्रे थांबवून माणसे वेचणे म्हणजे शत्रूच्या पाणबुडीला आपण होऊन नेम धरू देणे होय. तरीही ती थांबली, माणसे घेतली आणि सुरबाया बंदरात नेऊन सोडली. ही झाली मालिकेतील पहिली गोष्ट.

दुसऱ्याच रात्री ‘एक्झेटर’ हे जखमी ब्रिटिश क्रूझर, अमेरिकेची जुनी विनाशिका ‘पोप’ आणि ‘एन्काउंटर’ अशी तिन्ही जहाजे सुंदा सामुद्रधुनीच्या वाटेने निसटून सिलोनकडे जाण्यास निघाली. १ मार्च रोजी सकाळी जपानच्या मोठ्या जहाजांनी त्यांना गाठले. दुपार होईतो ‘एक्झेटर’ बुडाले. पाठोपाठ ‘एन्काउंटर’ही गेली, आणि नंतर ‘पोप’. शेकडो माणसे समुद्रावर पसरलेल्या तेलात तरंगू लागली. तेल डोळ्यांत जाऊन कित्येकांना दिसेनासे झाले. तो दिवस गेला, रात्र गेली.

२ मार्चच्या सकाळी तेथे ‘इकाझुची’ नावाची जपानी विनाशिका आली. तिचे कप्तान शुनसाकू कुदो. त्या पाण्यात शत्रूच्या पाणबुड्या फिरत असण्याची भीती होती आणि पाण्यातली माणसे शत्रूचीच होती. कुदो यांनी जहाज थांबविले, बचावाचे निशाण चढविले आणि माणसे वर घेण्याची आज्ञा केली. जे दोराला धरू शकत नव्हते त्यांच्यासाठी जपानी खलाशी स्वतः पाण्यात उतरले. त्या दिवशी बुडालेल्या जहाजांवरील ४४२ माणसे त्यांनी उचलली. ‘इकाझुची’वरची माणसे दोनशेंच्या आसपास, म्हणजे यजमानांच्या दुपटीने पाहुणे. त्यांच्या अंगावरचे तेल पुसून काढले, त्यांना कपडे, अन्न आणि पाणी दिले, आणि दुसऱ्या दिवशी इस्पितळ म्हणून वापरल्या जाणाऱ्या एका डच जहाजावर त्यांची रवानगी केली. ती माणसे युद्धकैदी झाली; पुढची साडेतीन वर्षे फार हालाची गेली आणि काही जण त्या कैदेत मेलेही. तरी त्या सकाळी त्यांचे प्राण वाचले, हे खोटे ठरत नाही.

येथपर्यंत ही कथा आपल्या समजुतीला अगदी जुळते. ज्या नौकेने ११३ जणांना बुडू दिले नाही, तिच्या माणसांना तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी बुडू दिले नाही. आपल्याकडील एखाद्या पुराणिकाने ही कथा येथेच थांबविली असती, श्रोत्यांनी माना डोलावल्या असत्या आणि आरती झाली असती. परंतु कथा येथे थांबत नाही.

१३ एप्रिल १९४४ रोजी ग्वाम बेटाच्या दक्षिणेकडे ‘हार्डर’ या अमेरिकन पाणबुडीने ‘इकाझुची’वर पाणतीर सोडले. ‘इकाझुची’ बुडाली आणि तिच्यावरचा एकही माणूस वाचला नाही. कुदो त्यापूर्वीच दुसऱ्या जहाजावर गेले होते. परंतु ४४२ शत्रूंना वर ओढून घेणाऱ्या हातांपैकी जे हात अद्याप त्या जहाजावर होते, त्यांना धरावयास त्या दिवशी कोणी आले नाही.

त्याच जपानी आरमारात ‘अकिकाझे’ नावाची दुसरी एक विनाशिका होती. १८ मार्च १९४३ रोजी न्यू गिनीजवळच्या समुद्रात त्या जहाजावर सुमारे ६० नि:शस्त्र माणसांना ठार करून त्यांची प्रेते पाण्यात टाकण्यात आली. त्यांत जर्मन मिशनरी होते, स्त्रिया होत्या, मुलेही होती. हे जहाज ३ नोव्हेंबर १९४४ रोजी लुझोन बेटाच्या पश्चिमेस अमेरिकन पाणबुडीच्या पाणतीराने बुडाले आणि त्यावरीलही सर्व माणसे गेली. ज्या जहाजाने माणसे वाचविली आणि ज्या जहाजावर माणसे मारली गेली, त्या दोघांना एकाच वर्षी, एकाच प्रकारच्या शस्त्राने, एकच गती मिळाली. सावकाराच्या वहीप्रमाणे कर्माची वही चालते, या बाजूला पुण्य मांडले की त्या बाजूला आयुष्य जमा होते, अशी ज्यांची धारणा असेल त्यांनी ही दोन नावे शेजारी शेजारी लिहून पाहावीत.

येथे एक पळवाट नेहमी सुचविली जाते. या जन्मी नाही, तर पुढील जन्मी हिशेब पुरा होईल, असे शास्त्र सांगते, आणि कृतप्रणाशाच्या दोषातून सुटण्यासाठीच दर्शनकारांनी पुनर्जन्माचा आधार घेतला, हे खरे आहे. श्रद्धावान मनाला त्यातून धीर मिळत असेल तर तो काढून घेण्याचे कारण नाही. परंतु या उत्तराचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. हिशेब जन्मांतरी पुरा होतो असे म्हणणाऱ्याने, या जन्मात दिसणाऱ्या घटनांवरून कोणाचे पाप आणि कोणाचे पुण्य किती याचा निवाडा करण्याचा आपला हक्क सोडून दिलेला असतो. जो बुडाला तो पापी होता आणि जो तरला तो पुण्यवान होता, हे म्हणण्याची सोय शास्त्राने मुळीच ठेवलेली नाही. ती आपण आपल्या आळसाने करून घेतली. शेजारच्या घरावर आपत्ती आली म्हणजे ‘त्यांचे कर्म’ असे म्हणून आपण दार लावून घेतो, तेव्हा आपण कर्मसिद्धान्त मानत नसतो, आपली सुटका करून घेत असतो.

मग कुदो यांच्या कृत्याचे झाले काय? ते कोठे राहिले? जहाजात ते राहिले नाही, कारण जहाज गेले. ज्या खलाशांनी ते केले त्यांतील कित्येक त्याच जहाजाबरोबर गेले. कुदो स्वतः युद्धानंतर जपानमध्ये शांतपणे जगले आणि १९७९ साली वारले. त्या सकाळची गोष्ट त्यांनी आपल्या पत्नीलाही सांगितली नव्हती. समजा, गोष्ट येथेच मिटली असती. जगाच्या दृष्टीने ते कृत्य झालेच नाही असे ठरले असते. पण त्यामुळे त्याचे मोल कमी झाले असते काय? देवळाची पायरी ज्याने बसविली त्याचे नाव शंभर वर्षांत भाविकांच्या पायांनी झिजून जाते; पायरीचे काम मात्र रोज चालू असते. कुदो यांच्या आज्ञेने जी माणसे वाचली, त्यांतली जी पुढे घरी परतली, त्यांना संसार लाभला, मुले झाली. त्या मुलांना आपण कोणाच्या एका शब्दामुळे जन्माला आलो हे ठाऊक नसले, तरी ती जन्मास आली हे सत्य आहे. या अर्थाने केलेले कर्म खरोखरच नाश पावत नाही. फळ कर्त्याकडे परत येईल याची हमी कोणी देऊ शकत नाही. ते पुढे मात्र जात राहते.

परंतु कृत्य टिकले म्हणजे सर्व झाले असे नव्हे. त्याचे ऋण कोणीतरी ओळखावे लागते. पाण्यातून वर ओढल्या गेलेल्यांत सॅम फॉल नावाचा ‘एन्काउंटर’वरील एक तरुण अधिकारी होता, वय २३. कैदेतून सुटल्यावर तो ब्रिटिश परराष्ट्र सेवेत गेला, अनेक देशांत राजदूत म्हणून राहिला. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्याने हा प्रसंग नमूद केला, जपानी कप्तानाचा शोध घेतला, आणि २००८ च्या डिसेंबरात, नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना, तोक्योजवळील कावागुची येथे जाऊन कुदो यांच्या समाधीपुढे उभा राहिला. २०१४ साली फॉलही वारले. कुदो यांच्या मौनाने त्यांचे कृत्य निर्मळ राहिले. फॉल यांच्या बोलण्याने ते जगाचे झाले. कर्त्याने विसरावे आणि ज्याच्यावर उपकार झाला त्याने विसरू नये, हा आपल्याकडील जुना शिष्टाचार या दोन परक्या माणसांनी किती काटेकोरपणे पाळला!

आता त्या जहाजाच्या देहाकडे येऊ. ‘एन्काउंटर’ जेथे बुडाली तेथे समुद्र फारसा खोल नाही. सुमारे ६० मीटर. २००७ साली पाणबुड्यांना तिचा सांगाडा सापडला. ‘डी रायटर’ आणि ‘जावा’ यांचे सांगाडे त्याआधी, २००२ साली सापडले होते. जावाच्या लढाईला ७५ वर्षे होणार म्हणून २०१६ च्या नोव्हेंबरात एक डच मोहीम त्या स्थळी स्मरणविधीच्या तयारीसाठी गेली. ध्वनिलहरींनी समुद्राचा तळ पाहण्यात आला, तेव्हा दोन्ही मोठी डच जहाजे जागेवर नव्हती. गाळात जहाजाच्या आकाराचा खोलगट ठसा तेवढा होता. ‘कोर्टनार’चा मोठा भाग नाहीसा झाला होता. ‘एक्झेटर’ आणि ‘एन्काउंटर’ जवळजवळ संपूर्ण गेलेली होती. हजारो टन लोखंड समुद्राच्या तळातून कोणीतरी उचलून नेले होते.

अशी चोरी कशी होते हे समजण्यास अवघड नाही. यारी बसविलेले बार्ज मासेमारीच्या किंवा गाळ काढण्याच्या मिषाने जागेवर उभे राहते. लोखंडी पंजा खाली सोडला जातो. सांगाडा फोडून तुकडे वर ओढले जातात. पंख्यांच्या कासेसारख्या मिश्र धातूला दर अधिक, पत्र्याला कमी. माल किनाऱ्यावरील भंगारवाल्याकडे, तेथून भट्टीत. भट्टीतून निघालेली सळई आपले कुळ सांगत नाही. ज्या पत्र्यावर उभे राहून एका रात्री ११३ माणसे थरथरत होती, तो पत्रा कोणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये मुकाट बसला असेल.

हे पाप आहे काय? पहिल्या क्षोभात ‘होय’ म्हणणे सोपे आहे. पण दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे, आणि ती बाजू दुबळी नाही. पहिला आक्षेप आपल्याच शास्त्रातून येतो. देह हा टाकलेल्या वस्त्रासारखा, आत्म्याला शस्त्र लागत नाही, असे मानणाऱ्यांनी गंजलेल्या लोखंडाचा एवढा मोह का धरावा? मेलेल्यांचे काही गेले नाही. गेले ते समुद्राच्या पोटातील भंगार. दुसरा आक्षेप याहून तीव्र आहे. जावाच्या किनाऱ्यावरील कोळ्यांनी ना डचांना बोलाविले होते, ना जपान्यांना. परक्यांनी परक्यांशी त्यांच्या समुद्रात युद्ध केले, तेही त्या भूमीवर कोणाचे राज्य असावे यासाठी. ती जहाजे तेथे टाकून ते निघून गेले. सत्तर वर्षे त्या सांगाड्यांची राखण कोणी केली नाही. २०१६ मध्ये बोभाटा झाल्यावर, ‘ही जहाजे राखा असे आम्हांला कधी सांगितलेच नव्हते’ अशा अर्थाचे उत्तर इंडोनेशियातून आले. ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत आहे त्या पाणबुड्याने परक्या साम्राज्याच्या मृत शिपायांचा मान राखण्यासाठी उपाशी राहावे काय?

या प्रश्नांना डावलून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मला वाटते, पाणबुड्यापुरते उत्तर असे आहे की त्याचा दोष सर्वांत कमी. प्राण धोक्यात घालून जो खाली जातो त्याच्या हाती सर्वांत थोडे पैसे पडतात. बार्ज, पंजा, इंधन आणि गिऱ्हाईक जुळविणारा माणूस उपाशी नसतो. त्याच्यामागे, माल कोठला हे न विचारता घेणारा व्यापारी. आणि त्याच्याही मागे, स्वस्त लोखंड हवे असणारे आपण सर्व. शिवाय ज्या राष्ट्रांनी आपल्या राजधान्यांत या मृतांची सुंदर स्मारके उभारली, त्यांनीही प्रत्यक्ष त्या जागेकडे दीर्घकाळ पाठच फिरविली होती. चोरीचे पाप असे अनेकांत वाटले गेले की प्रत्येकाला आपला वाटा क्षुल्लक वाटतो. सामुदायिक पापाचे हेच लक्षण आहे.

कायद्याकडे पाहावे तर तोही अडखळतो. बुडालेली युद्धनौका ज्या राष्ट्राची होती त्याचीच राहते, हा सर्वमान्य संकेत आहे. ब्रिटनने १९८६ साली आपल्या युद्धनौकांच्या अवशेषांना संरक्षण देणारा कायदा केला. पण दूरच्या समुद्रात परक्या माणसाचा हात तो धरू शकत नाही. युनेस्कोने २००१ साली पाण्याखालील वारशाच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय करार तयार केला. त्यात वारसा ठरण्यासाठी वस्तू निदान १०० वर्षे पाण्याखाली असावी लागते. ‘एन्काउंटर’ची शंभर वर्षे २०४२ साली पुरी झाली असती. पंज्याने तेवढी वाट पाहिली नाही.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर मात्र आपल्या आचारातच आहे, आणि ते ग्रंथातल्या तत्त्वाहून अधिक शहाणे आहे. आत्मा अमर मानणाऱ्या याच समाजाने प्रेताचा संस्कार सोडून दिला नाही. परदेशी वा पाण्यात मरण येऊन देह हाती लागला नाही, तर पळसाच्या पानांची वा दर्भाची प्रतिमा करून तिला अग्नी देण्याचा पालाशविधी आपल्याकडे आहे. पानांच्या पुतळ्यात मृताचा आत्मा येऊन बसतो असे करणाऱ्यालाही वाटत नाही. मग तो विधी कोणासाठी? जो मागे राहिला त्याच्या हातून काही व्हावयाचे उरले आहे, त्याच्यासाठी. मृताला आपली गरज असो वा नसो, आपल्याला त्याचे देणे आहे. आणि देणे फेडण्यास एक ठिकाण, एक वस्तू, एक तिथी लागते. बुडालेले जहाज म्हणजे त्या माणसांच्या आप्तांना उरलेले असे ठिकाण होते. ज्यांच्या अस्थी हाती आल्या नाहीत, ज्यांची थडगी नाहीत, त्यांच्या मुलानातवंडांना नकाशावर बोट ठेवून ‘येथे’ असे म्हणण्यापुरता तो आधार. चोराने मृतांचे काही नेले नाही हे मान्य. त्याने जिवंतांचा ‘येथे’ हा शब्द नेला.

भंग पावलेली देवमूर्ती आपण पाण्यात विसर्जित करतो. तिच्यातले देवत्व आपण विधिपूर्वक काढून घेतलेले असते, म्हणजे मागे उरलेला तो निव्वळ धातू असतो. तरी तो तांब्यापितळेच्या भावाने तोलून विकावा असे देवस्थानच्या कोणा महाजनाच्या मनात येत नाही. धातू पवित्र आहे म्हणून नव्हे. ज्यापुढे माणसांनी हात जोडले त्याला तराजूत घालताना आपल्याच हातांचा अपमान होतो म्हणून. वस्तूचे मोल आणि वस्तूचा मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जो समाज विसरला त्याच्याजवळ लवकरच विकण्याजोग्या वस्तूंखेरीज काही उरत नाही.

हा प्रश्न आपल्यापासून दूर आहे असेही समजू नये. ९ डिसेंबर १९७१ रोजी, दीव तेव्हा गोव्याबरोबरच एका केंद्रशासित प्रदेशात असताना, दीवच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीराने आपली ‘खुकरी’ ही फ्रिगेट बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. दीवला त्यांचे स्मारक आहे. उद्या कोणी ‘खुकरी’चे लोखंड टनाच्या भावाने विकू लागला, तर आपल्याला जे वाटेल तेच जावाच्या समुद्राविषयी दुसऱ्या कोणाला वाटले. त्याच युद्धात पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी विशाखापट्टणमनजीक बुडाली होती. तिचे अवशेष अलीकडे भारतीय नौदलाच्या बचावयानाने पाहिले, आणि मृतांचा मान म्हणून त्यांना हात लावला नाही, असे २०२४ साली जाहीर झाले. ‘गाझी’ आपले जहाज बुडविण्यासाठीच तेथे आली होती. आपल्या मृतांचा मान सर्वच राखतात. शत्रूच्या मृतांजवळ आपण काय करतो यावरून आपली परीक्षा होते. कुदो यांनी जिवंत शत्रूंविषयी जे केले, तेच या संयमात मृत शत्रूंविषयी घडले.

‘इकाझुची’ला बुडविणारी ‘हार्डर’ पाणबुडीही त्याच वर्षी, २४ ऑगस्ट १९४४ रोजी, लुझोनच्या किनाऱ्याजवळ आपल्या ७९ माणसांसह नष्ट झाली. २०२४ साली तिचा सांगाडा सापडला, तो हजार मीटरांहून अधिक खोलीवर. तेथे पंजा सहजी पोहोचत नाही, म्हणून ती सुरक्षित. जेथवर दोर पोहोचतो तेथवर लोभ पोहोचतो, आणि त्यापुढे समुद्रच राखण करतो, ही स्थिती माणसाला भूषणावह नाही. उथळ पाण्यातील थडग्याची राखण माणसाच्या मनानेच करावयास हवी.

तेव्हा कृतप्रणाशाच्या प्रश्नाला मला सुचणारे उत्तर असे. केलेले कर्म नाश पावत नाही, हे वाक्य निसर्गाचा नियम म्हणून वाचले तर जावाचा समुद्र ते खोडून काढतो. ‘एन्काउंटर’ गेली, ‘इकाझुची’ गेली, आणि ‘एन्काउंटर’च्या सांगाड्याचे लोखंडही जवळजवळ सर्व गेले. परंतु तेच वाक्य मागे राहिलेल्यांवर टाकलेली जबाबदारी म्हणून वाचले, तर त्याचा अर्थ उलगडतो. दुसऱ्याने केलेले चांगले नष्ट होऊ न देणे हे आपले काम आहे. फॉल यांनी ते वयाच्या नव्वदीपर्यंत केले. लोखंड राखता आले असते तर बरे झाले असते. ते गेल्यावरही स्मरण राखता येते.

भाद्रपद वद्य चतुर्दशीला शस्त्राने मेलेल्यांचे श्राद्ध करण्याची आपली रीत आहे, आणि तर्पणात ज्यांना कोणी नाही अशांसाठीही पाणी सोडण्याची योजना पूर्वजांनी करून ठेवली आहे. त्या दिवशी आपल्या कुळातील मृतांची नावे घेऊन झाल्यावर, ज्यांच्या सांगाड्याची जागाही आता रिकामी आहे अशा त्या डच, इंग्रज आणि जपानी खलाशांसाठी एक अंजली अधिक सोडण्यास कोणतेही शास्त्र आड येत नाही. ज्या पाण्यात ते आहेत, तेच पाणी आपल्याही किनाऱ्याला लागते.